कायोच्या तळहाताचा ओलावा

मी बोलतोय तो काचेआडून. आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या.

माझं कागदावरचं नाव लांबलचक आहे. माणसाच्या कातडीतून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र, असं काहीसं. त्या नावाने मला कधीच कुणी हाक मारली नाही. बिवा तळ्याकाठच्या मुलांच्या घरात ज्या नर्स होत्या, त्या मला 'घामकाटा' म्हणायच्या. वजनाचा वजनकाटा, तसा घामाचा घामकाटा. मला तेच नाव बरं वाटतं. त्यात माणसाच्या हाताचा वास आहे.

जन्म क्योतोतला. दिवसभर मागाची खटखट चालणाऱ्या एका गल्लीत कुवाबारा नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे. युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, पण माणसं अजून जुन्याचंच नवं करत होती. विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या लोकांनी कुवाबारांना एक आकृती काढून दिली आणि 'असं काही जमेल का' म्हणून विचारलं. त्यांनी मोडक्या रेडिओंतल्या तारा, काचेचे दिवे आणि एक नाजूक काळा काटा जमवला. पेटी मात्र त्यांच्या मेव्हण्याने केली. तो चहाचे किमती कटोरे ठेवायच्या लाकडी पेट्या करायचा. साधं काही करणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे माझ्या पोटात भंगार आणि अंगावर चेरीच्या लाकडाचा सरदारी कोट.

पहिली परीक्षा कुवाबारांनी स्वतःवरच घेतली. रुप्याच्या दोन चकत्या, त्यांना मिठाचा लेप, आणि त्या आपल्याच दोन बोटांना पट्टीने बांधलेल्या. डोळे काट्यावर. काटा ढिम्म. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, सकाळी कोळसा आणायला सांगितला होता. आणलात का?"

काटा थेट टोकाला जाऊन टेकला.

"चालतंय! चालतंय!" कुवाबारा ओरडले.

"काय चालतंय? कोळसा कुठाय?"

माझं काम इतकं सोपं आहे. उन्हाचा घाम अंगाला येतो, पण तळहाताचा घाम मनाचा असतो. मनात काही खळबळ झाली, की तळहाताला बारीक ओल सुटते. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. ओल आली की वीज सहज वाहते, काटा वर चढतो आणि शेजारची लेखणी कागदाच्या पट्टीवर डोंगर काढते. मन निवलं की काटा उतरतो. पण ती खळबळ आनंदाची की धसक्याची, लाजेची की रागाची, ते मला कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं, आजही नाही. मला फक्त ओल कळते. ही गोष्ट ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

विद्यापीठातली वर्षं मजेची गेली. विद्यार्थी एकमेकांच्या बोटांना मला बांधायचे. सुईची भीती घालायचे, मग सुई टोचायचे. मी तेव्हाच शिकलो, की माणूस सुई टोचल्यावर जेवढा घामेजतो त्याहून जास्त ती टोचणार आहे म्हणून घामेजतो. कुणी तोंडी वजाबाकी करायला सांगितली की भलेभले ओले. कुणी म्हणायचा, "त्या ग्रंथालयातल्या मुलीचं मला काहीच नाही हं," आणि माझी लेखणी त्याच वेळी फुजी पर्वत काढून मोकळी. मग हशा, थापा, पाठीवर गुद्दे.

त्या हशात न हसणारी एक मुलगी होती. हागिनो सेत्सुको. केस आखूड कापलेले, बाहीला कायम शाईचा डाग. इतरांचं लक्ष काट्याकडे असायचं. तिचं ज्याच्या बोटाला मी बांधलेला असे त्याच्या चेहऱ्याकडे. एकदा तिने प्राध्यापकांना विचारलं, "ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही, चेहराही हलवता येत नाही, त्याला हे बांधलं तर?"

"तर काय?"

"तर तो आत आहे की नाही, ते कळेल का?"

प्राध्यापक चष्मा पुसत राहिले. नंतर म्हणाले, "घेऊन जा. नवं यंत्र येतंच आहे."

अशा रीतीने मी एका सुती कापडात बांधला गेलो आणि सेत्सुकोच्या मांडीवर बसून डोंगर ओलांडून तळ्याकाठी आलो. तोक्यो ऑलिंपिकचं वर्ष नुकतंच सरलं होतं. घरोघरी दूरचित्रवाणीचे संच आले होते आणि लोकांना वाटत होतं, आता देशात न होण्यासारखं काही उरलं नाही.

त्या मुलांच्या घरात मात्र न होण्यासारखंच सगळं होतं. जन्मापासून अंथरुणावर असलेली मुलं. काहींना गिळता येत नव्हतं, काहींना दिसत नव्हतं. तिथले डॉक्टर मिझोगुची भले गृहस्थ. रात्रंदिवस राबायचे. त्यांनी सेत्सुकोला खिडकीजवळच्या खाटेशी नेलं.

"ही कायो. अकरा वर्षांची आहे."

अकरा वर्षांची कायो पाच वर्षांच्या मुलीएवढी होती. हात कोपरात मुडपलेले, मुठी आवळलेल्या. डोळे उघडे, तळ्याकडे लागलेले; पण खिडकीवर पडदा ओढला तरी ते तसेच राहायचे.

"तुमचा हिरमोड करायचा नाहीये," डॉक्टर म्हणाले, "पण हिच्या बाबतीत आशा धरू नका. श्वास आहे, भूक आहे. त्यापलीकडे तिच्यापर्यंत काही पोचतं, असं मला कधी दिसलं नाही. तिच्या आईला हे मी सांगून पाहिलं."

"मग?"

"ती म्हणाली, 'बरं', आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन तासभर बोलत बसली."

कायोच्या आईचं नाव तोमे. तळ्यात मोत्यांची शेती व्हायची, तिथे शिंपल्यांत मोत्याचं बीज घालायचं काम ती करायची. बोटांना कायम चिरा. दर रविवारी ती काताता गावाहून लहान आगबोटीने यायची, खाटेशी बसायची, कायोची मूठ हळूहळू उलगडून आपल्या हातात घ्यायची आणि आठवड्याचं सगळं सांगायची. "अगं कायो, शेजारच्या ओसामीने मुलगा झाला म्हणून लाल भात वाटला, पण मीठ घालायलाच विसरली! मी म्हटलं, छान झालाय. काय करणार?" ती स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, स्वतःच हसायची.

कायोचा बाप इसाकु कधी येत नसे. त्याच्याबद्दल विचारलं की तोमे ओठ मुडपायची. "त्यांना होड्या आहेत."

सेत्सुकोने मला कायोच्या बोटांना बांधलं. पहिले काही आठवडे मी मुकाच होतो. हात इतके गार, की ओल सुटणार कुठून? सेत्सुको ते हात आपल्या बाह्यांत धरून ऊब द्यायची आणि मग चकत्या बांधायची. अखेर एका सकाळी तिने कानाशी लहानशी घंटा वाजवली. एक श्वास गेला, दुसरा गेला, आणि माझा काटा हलला. हा उशीर माझा स्वभावच आहे. ओल सुटायला तेवढा वेळ लागतोच. पण तेवढ्या वेळात सेत्सुकोने आशा सोडून खाली बघितलं होतं. हारुए नावाची नर्स ओरडली तेव्हा तिला कळलं.

"बाई! वर गेला! वर गेला!"

डॉक्टर धावत आले. कागदावरचा टेकडीएवढा उंचवटा त्यांनी बराच वेळ पाहिला. "ऐकू येतं म्हणायचं," ते म्हणाले. "पण हागिनो-सान, घंटेला मांजरही कान टवकारतं. ही माणूस ओळखते का, ते सांगा."

तेच तर सेत्सुकोला हवं होतं. तिने आईचा आवाज ऐकवला. "कायो," तोमेने हाक मारली. काटा हलला नाही. हारुएने तीच हाक मारली; तेव्हाही नाही. रविवारमागून रविवार गेले. आई येते, बोलते, हसते. माझ्या रेघेत एकही डोंगर नाही. सेत्सुकोने तोमेला काही सांगितलं नाही. पण तोमे काही आंधळी नव्हती. बोलता बोलता ती तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायची आणि तिचा आवाज थोडा मोठा व्हायचा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला घडवलं नसतं तर बरं झालं असतं.

मग तो वाऱ्याचा रविवार आला. हिरा डोंगरावरून असं वारं सुटलं की आगबोट बंद. तोमे येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. पण ती आली, केस विस्कटलेले, पदराखाली धरावा तसा कोटाखाली खाऊचा डबा धरलेला. "लाकडाच्या ट्रकमधून आले," ती म्हणाली आणि खाटेशी बसली. सेत्सुकोने चकत्या बांधल्या. तोमे त्या ट्रकचीच गोष्ट सांगू लागली.

आणि मधेच, काही कारण नसताना, माझा काटा उसळला.

घंटेला उसळला होता त्याच्या दुप्पट. लेखणी पट्टीच्या कडेला जाऊन अडली. तोमे बोलायची थांबली. सेत्सुको उभी राहिली. "आत्ता काय झालं? तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी म्हटलं, रस्ता खराब होता."

"नाही, आणखी काही. दुसरा काही आवाज?"

हारुएने दाराकडे बोट केलं. "बाहेर कुणीतरी खाकरलं बाई."

तोमेचा चेहरा पडला. "ते आमचे हे. ट्रक यांनीच आणला. आत चला म्हटलं तर चपलांच्या फळीशी बसून राहिलेत."

सेत्सुको बाहेर गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"इसाकु-सान, तुम्ही आत्ता खाकरलात का?"

"चुकलं. धूळ गेली होती घशात."

"पुन्हा खाकराल का?"

फळी करकरली. मग, "मुद्दाम कसं खाकरायचं?"

"जसं येईल तसं."

"येत नाही आता."

शेवटी आलं. ओला भुसा कुणी फावड्याने ओढावा तसं जाडंभरडं खाकरणं. एक श्वास, दोन श्वास, आणि माझा काटा पुन्हा उसळला.

डॉक्टर मिझोगुचींना बोलावणं गेलं. ते म्हणाले, असं एकदम मानायचं नाही. पुरुषी आवाज म्हणूनही होईल. मग ते स्वतः दाराबाहेर जाऊन खाकरले. काटा गप्प. स्वयंपाकघरातला म्हातारा आचारी आला आणि खाकरला. गप्प. बागेतला माळी आला, त्याला तर खोकलाच लागला. गप्प. हारुए तोंडावर हात धरून हसत होती. पुन्हा इसाकु. पुन्हा उसळी.

डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. नंतर कायोकडे वळले आणि किंचित वाकून म्हणाले, "कायो-सान, माफ करा." मी त्यांना कुणा मुलाला असं मोठ्यांसारखं 'सान' म्हणताना, असं वाकताना आधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा इसाकु आत आला. रुंद खांद्यांचा, बोटं पिंपळाच्या मुळांसारखी, अंगावर भुशाचा वास. तो होड्या बांधणारा सुतार होता. पाच वर्षांची होईपर्यंत कायो दिवसभर त्याच्याचजवळ असायची, हे त्या दिवशी कळलं. तोमे मोत्यांच्या कामाला जायची आणि हा मुलीला छिलक्यांच्या ढिगावर रजई टाकून निजवायचा, रंधा ओढत राहायचा. बोलणारा माणूस नव्हताच तो. खाकरायचा तेवढं. मग कायोच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ठेवलंत तर हिवाळा काढणार नाही. त्यानेच तिला पाठीवर बांधून इथे आणलं, ठेवलं आणि परत गेला. त्यानंतर कधी आला नव्हता.

"आपणच टाकून आलो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कुठल्या तोंडाने यायचं?"

सगळ्यांचे डोळे भरले होते. तोमेचे कोरडे होते. तिने खाऊचा डबा कापडात बांधला, गाठ घट्ट मारली.

"हिमात आले, वाऱ्यात आले. एक रविवार चुकवला नाही," ती म्हणाली. "आणि पोरीच्या हाताला घाम सुटला तो यांच्या खाकरण्याला! छान आहे."

"तोमे-सान, ऐका तरी..." सेत्सुको म्हणाली.

"काय ऐकू? तुमचा काटा ऐकला की."

पुढच्या रविवारी तोमे आली नाही. इसाकु एकटा आला, दारात अवघडून उभा राहिला. "ती येत नाही म्हणते," एवढंच बोलला. सेत्सुकोने त्याला खाटेशी बसवलं, मला बांधलं. तो खाकरला, काटा उसळला. पण त्यानंतर काटा खाली आलाच नाही. तासभर वरच्या वर थरथरत राहिला. कायोची मूठ आवळलेलीच. तिच्या कपाळावर बारीक आठी.

इसाकु बराच वेळ माझ्याकडे बघत होता. नवी फळी सरळ आहे की बाकदार, हे सुतार एक डोळा मिटून बघतो, तसं.

"हे वर आहे ते चांगलं का?"

"माहीत नाही," सेत्सुको खरं ते बोलली. "ती सावध आहे, एवढंच."

"आई असते तेव्हा कुठे असतं?"

सेत्सुको उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने इतके दिवस फक्त उसळ्या शोधल्या होत्या. आई असताना काटा कुठे असतो, याचा तिने विचारच केला नव्हता. "खाली," ती हळूच म्हणाली. "आई येऊन बसली की खाली खाली जातो."

इसाकु उठला. "मग चुकीचं माणूस आलंय," तो म्हणाला आणि गेला.

तो घरी जाऊन काय बोलला, ते तोमेने नंतर हारुएला सांगितलं, म्हणून मला माहीत. तोमे भाजी चिरत होती. हा चुलीशी उभा राहून म्हणाला, "माझ्याजवळ ती पाहुण्यासारखी अवघडून राहते. तू चल." लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने 'तू चल' असं पहिल्यांदा म्हटलं, असं तोमेचं म्हणणं.

ती आली ती रविवारची वाट न बघता, मोत्यांच्या कामाचे रबरी बूट घालूनच. कुणाशी बोलली नाही. खाटेशी बसली, मूठ उलगडली, हात हातात घेतला. सेत्सुकोने मला तिच्या समोर ठेवलं.

"बघा हं आता. नुसतं बघत राहा."

काटा वरच होता. मग तो उतरायला लागला. एकदम नाही, तळ्यावरचं धुकं उन्हं आल्यावर विरतं तसा. तोमे काही बोलतही नव्हती. लेखणीची रेघ लांबच लांब उतार होऊन खाली जात राहिली.

"उतरतोय," तोमे म्हणाली. "म्हणजे कमीच की."

"कमी नाही, तोमे-सान. ती दिवसभर अशीच वर असते. कुणी उचललं, दार आपटलं, सुई आणली. काय होणार ते तिला ठाऊक नसतं, म्हणून सारखी सावध. तुम्ही आलात की तिला सावध राहावं लागत नाही."

तोमेने कायोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कायोच्या कपाळावरची आठी आता नव्हती.

"म्हणजे ओळखते मला?"

सेत्सुकोने माझ्याकडे पाहिलं. मी खूप प्रयत्न केला, पण मला कुठे बोलता येत होतं? आणि आलं असतं तरी मी तिच्याहून जास्त काय सांगणार होतो?

"काटा एवढंच सांगतो, की तुमच्याजवळ तिचा हात कोरडा पडतो," सेत्सुको म्हणाली. "बाकी तुम्हीच सांगा. तुम्ही आई आहात."

तोमेने आपले चिरा पडलेले ओठ कायोच्या हातावर टेकले. "अगं कायो," तिने सुरुवात केली, "या आठवड्यात काय झालं ठाऊक आहे का..." आणि मग तिला बोलताच आलं नाही. इसाकु मागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिच्या पायांतले ओले बूट मात्र खाली बसून काढले आणि स्टोव्हजवळ सुकायला ठेवले.

त्यानंतर त्या घराची रीत बदलली. मुलाला उचलण्याआधी हारुए म्हणू लागली, "उचलते हं." डॉक्टर सुई देण्याआधी नाव घेऊन सांगू लागले. नवी नर्स आली आणि म्हणाली, "याला काय कळतंय?" तर हारुए तिला माझ्यासमोर आणून उभी करायची. "याला विचार." मला मोठा मान होता त्या दिवसांत. माझ्या पेटीला आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरायचा.

इसाकु आता दर रविवारी येऊ लागला. तो आला, खाकरला, काटा उसळला की त्याचे कान लाल व्हायचे. पण पुढे पुढे उसळी लहान होत गेली. चेरीला कळ्या आल्या त्या सुमाराच्या एका रविवारी तो दारात आला, खाकरला, आणि काटा जागचा हलला नाही. पुन्हा खाकरला. काहीच नाही. त्याने मला उचलून कानाशी धरलं, हलवून पाहिलं.

"मोडलं का हे?"

तोमे खिदळली. डबा उघडून गोड सोया सॉसमध्ये आटवलेले बारीक मासे ती मांडत होती. "मोडलं नाही काही. आता तुम्ही घरचे झालात. बसा, खा."

ते हसू मला अजून आठवतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो, आणि त्या दिवशी माझी रेघ अगदी सपाट होती.

कायो विशीच्या आत गेली. हिवाळा होता, छातीचं दुखणं उलटलं. दोघं तिच्या दोन बाजूंना होते. तिचा एक हात तोमेकडे आणि दुसरा इसाकुकडे, तेव्हा मला बांधायला बोट मोकळं नव्हतंच. मी कपाटात होतो. सकाळी सेत्सुकोने दार उघडलं, माझ्या चकत्या पुसल्या आणि बराच वेळ हातात धरून ठेवल्या. मला तिच्या तळहाताची ओल कळली.

मुलगी गेल्यावर आईबाप येईनासे होतात. हे दोघं येत राहिले. तोमे इतर मुलांशी बोलायची. इसाकु मुलांसाठी बैठका बनवायचा. वाकडं अंग जसं आहे तसं सामावून घेणाऱ्या, होडीच्या पोटासारख्या. "होडी पाण्याला सरळ व्हायला सांगत नाही," असं तो एकदाच म्हणाला होता. त्याच्या मानाने ते भाषणच.

मग नवी यंत्रं आली, काडेपेटीएवढी, काटा नसलेली. माझे दिवे फुटले, ते कुठे मिळेनात. कुवाबारांचं दुकान कधीच बंद झालं होतं. मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो आणि नंतर व्हरांड्यातल्या या काचेच्या पेटीत. बाहेर चिठ्ठी आहे, 'हात लावू नये'. ज्याचं सगळं आयुष्य हातांवर गेलं त्याच्यासाठी ही चिठ्ठी! सहलीची मुलं येतात, बघतात, पुढे जातात. त्यांच्या बाई सांगतात, "याने भावना मोजायचे." मला आतून ओरडावंसं वाटतं, नाही हो, ओल मोजायचो, भावना ज्याची त्याने सांगायची असते.

काचेत ठेवण्याआधी मी एकदा शेवटचा बाहेर निघालो, तेवढं सांगतो आणि थांबतो.

तोमे गेली त्या वर्षीची गोष्ट. अंत्यविधीला इसाकुच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, म्हणून गावात लोक बोलत होते. माणूस आहे की लाकूड, म्हणाले. पुढच्या रविवारी तो एकटा आला. ऐंशीच्या घरातला, कमरेत वाकलेला. सेत्सुकोचेही केस पांढरे झाले होते. तिने त्याला जवाचा चहा दिला. तो कप हातात धरून बसला. मग त्याची नजर कपाटावर गेली.

"हा आहे अजून?"

सेत्सुकोने मला खाली काढलं, धूळ पुसली. दिवे नसलेला मी काय करणार होतो? पण तिने चकत्या सोडवल्या आणि अर्धवट हसून विचारलं, "बांधू?"

इसाकुने हात पुढे केला. मग त्या जाड बोटांकडे बघत राहिला आणि हात मागे घेतला.

"नको. पोरीला तोंड नव्हतं, म्हणून हा लागला. मला आहे."

सेत्सुको थांबली. तो खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होता.

"लग्न झालं त्या हिवाळ्यात तोमे तळ्यात पडली होती," तो म्हणाला. "नवी होडी दाखवत होतो मी. ती वाकली आणि पडली. बाहेर काढली तर थंडीने दात वाजतायत, आणि हसतेय. म्हणाली, होडी चांगली आहे, नवरा तेवढा जरा डळमळीत आहे."

सेत्सुको हसली. तोही हसला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. त्याने ते पुसले नाहीत. पुढचं सांगू लागला. तिने करपवलेला भात, तिने पाळलेलं बदक, कायो झाली त्या रात्री ती काय म्हणाली होती. चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. उन्हं तळ्यावरून सरकत डोंगराआड गेली. तो बोलतच होता, आणि मी टेबलावर पडून ऐकत होतो, कुणाच्याही बोटाला न बांधलेला.

तुम्हाला पुढे जायचं असेल. जा. पण ज्यांना सांगायचंय त्यांना सांगून टाका हो. काट्यांची वाट बघू नका.